राहा म्हणायची रीत

निघालेल्या पाहुण्याला "राहा" म्हणावं आणि पाहुण्यानं "न्हाई बा, निघतो" म्हणावं, ही आपल्याकडची रीत. तीनदा म्हणायचं, तीनदा नाकारायचं, मग पाहुणा धोतर झटकून उठतो आणि दोन्हीकडची अब्रू शाबूत राहते. माळटेकावरच्या चतुराबाईनं रीतच पाळली होती. घोटाळा एवढाच झाला की साखऱ्याचा कोंडीबा पहिल्याच "राहा"ला राहिला.

कोंडीबा पोरीचा बाप. चतुराबाईच्या एकुलत्या एका पोराचं, शेषरावाचं, घर पाहायला आलेला. ही तिसरी सोयरीक. आधीच्या दोन मोडल्या त्या पोरात खोट होती म्हणून नव्हे, पाण्यामुळं. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं आणि टेकावरची सात घरं तेवढी कोरडी राहिली. टेकाला मुलखाशी जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती, तिला सगळे दांड म्हणत. हस्ताचा पाऊस लागला आणि धरण फुगलं की ही दांड पाण्याखाली जायची, ती शिमग्यालाच उघडी पडायची. तोवर जाण्यायेण्याला एक डोंगा, तोही वारा नसला तर. असल्या ठिकाणी पोरगी द्यायला कोणाला वेड लागलंय? सातातली चार घरं एकेक करून सेनगावाकडं उठून गेली होती. चतुराबाईचा हिशेब साधा होता. सून आली की चूल राहील, आणि चूल राहिली की पोरगं राहील.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. सगळा मुलूख घोटभर पाण्यासाठी रडला आणि माळटेक तेवढं सुटलं. धरण आटलं, दांड पावसाळ्यातही उघडी राहिली, बैलगाड्या थेट दारात यायला लागल्या. हे बेट आहे, हे लोक विसरून गेले. चतुराबाई विसरली नव्हती, पण तिनं कोणाला आठवणही करून दिली नाही. यंदा पाऊस बरा झाला आणि पाणी चढायला लागलं, तसा तिनं साखऱ्याला सांगावा धाडला, घर पाहायला लगेच या. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती लग्न लागल्यावर उघडली असती तरी चाललं असतं.

कोंडीबा सकाळी दांडेवरून चालत आला. दोन्ही अंगांना हातभरावर पाणी, आणि गडी खूश. साखरा म्हणजे कोरडवाहू मुलूख. त्यानं दारात उभं राहून चौफेर पाहिलं.

"जय भीम, इहीणबाई. माही कमल कोसभरून घागर आणते. इथं तर पायात दर्या हाय."

न ठरताच त्यानं इहीणबाई म्हटलं, आणि चतुराबाईला आभाळ ठेंगणं झालं.

दुपारपासून मात्र तिचा एक डोळा दांडेवर होता. मावळतीला काळं भरून आलं, वारा फिरला. कोंडीबा निवांत जेवला. बैलांचे दात पाहिले, तंबाखू मळली, पत्र्यावरचे दगड कशाला ते विचारलं. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा, पोरगी दे नाहीतर नको देऊ, पण आता ऊठ. पण पाहुण्याला जा म्हणायला आपल्या भाषेत शब्द आहे कुठं? अखेर त्यानं खुंटीवरचा पटका काढला.

"निघावं म्हंतो."

चाळीस वर्षं वळण लागलेली जीभ ती. मन नको म्हणेपर्यंत बोलूनही गेली.

"आता काहून जाता? मुक्काम करा की. सकाळी कोंबडं कापते."

"बरं," कोंडीबा म्हणाला आणि पटका परत खुंटीला लावला. "तुमी म्हंता तर राहतो."

शेषरावानं मायकडं पाहिलं. ती काही कारण नसताना आत पीठ मळायला गेली.

रात्रभर पाऊस कोसळत राहिला आणि वारा पत्रे उचलत राहिला. उजाडलं तेव्हा दांड नव्हती. तिच्या कडेच्या बाभळीचा शेंडा तेवढा लाटांत हलत होता. कोंडीबा घोंगडी पांघरून काठाशी उभा राहिला.

"वाट कुठं गेली?"

"जरा चढलंय पाणी," चतुराबाई म्हणाली. "येईल वाट."

"कवा येईल?"

ती उत्तर जुळवत होती, तेवढ्यात शेषराव बोलला. या पोराला खोटं बोलणं जन्मात जमलं नाही. "शिमग्याला, मामा. वारा पडला की मी डोंग्यानं सोडतो तुमाला."

कोंडीबा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला.

वारा काही पडेना. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. पण म्हणणाऱ्यानं माळटेक पाहिलं नव्हतं. इथं पाहुण्याला जायची वाट नव्हती आणि घरवालीला त्याच्या नजरेतून सुटायची. गिरणी पलीकडं, तेव्हा पीठ संपल्यावर तिनं जातं ओढलं. बोललेलं कोंबडं कापलं, मग अंडी घालणारी कोंबडीही कापली. कोंडीबा टेकाला चक्कर मारायचा. तंबाखूचा बार संपायच्या आत चक्कर पुरी व्हायची, आणि तो दाव्याच्या बैलासारखा परत दारात उभा. दर्या हा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. आणि नवल असं की त्याच्यामुळं तिलाही दिसायला लागलं. इतक्या वर्षांत छप्पर इतकं खाली कधी वाटलं नव्हतं. आपण इथं राहत नाही, अडकलो आहोत, हे तिला पहिल्यांदा कळलं आणि ती मनातून घाबरली.

एका संध्याकाळी चुलीपाशी बसून कोंडीबानं विचारलं, "शेषाचे वडील कशानं गेले?"

ताप, एवढं म्हणून थांबता आलं असतं. सोयरीक जुळवणाऱ्यानं तेवढंच सांगितलं होतं. पण तिला लपवायचा कंटाळा आला होता.

"तापानंच. पर असाच वारा व्हता. शेषानं वारा सुटायच्या आधीच त्या काठाला निरोप धाडला व्हता, तर डॉक्टर आला व्हता बिचारा. पलीकडं छत्री घेऊन उभा व्हता. आमाला दिसून राहिला व्हता. डोंगा सुटला न्हाई."

कोंडीबानं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. शेषराव उठून बाहेर गेला आणि पत्र्यावर चढून दगड नीट लावत बसला. बराच वेळ त्याचे पाय वाजत राहिले.

दुसऱ्या दिवशी उन्हं आली. पाणी पसरलेल्या पिठासारखं सपाट झालं होतं. शेषरावानं डोंगा काठाला लावला. कोंडीबानं पटका बांधला आणि चतुराबाईकडं वळला.

"पोरगं सोनं हाय तुमचं. पोरगी दिली मी."

तिचे हात आपोआप जोडले गेले.

"पर इथं न्हाई," तो म्हणाला. "पाण्यासाठी लई हाल काढले तिनं. आता पाण्यात कोंडून न्हाई ठेवायची मला. मला पोरगा न्हाई, जमीन हाय. शेषाला तिकडं येऊ द्या. माहा पोरगा म्हणून ठेवतो." मग जरा थांबून म्हणाला, "तुमीबी चला."

"न्हाई बा," ती म्हणाली. रीतच तशी. पहिल्यांदा नाही म्हणायचं. पोराच्या सासरी राहायला जाणारी माय कोणी पाहिलीय?

तिनं वाट पाहिली. कोंडीबा दुसऱ्यांदा म्हणाला नाही. डोंग्यात जाऊन बसला.

शेषराव गुडघाभर पाण्यात बांबू धरून उभा होता. "माय, मी पाव्हण्याला सोडतो अन् माघारी येतो."

"काहून? घर पाहून ये त्यांचं. चार दिस राहा."

"वारा सुटला मधी तर?"

तिनं समोरच्या पाण्याकडं पाहिलं. तो हलेना. तो कशाची वाट पाहतोय हे तिला चांगलं कळत होतं. उभ्या जन्मात तिनं आल्यागेल्या सगळ्यांना तो शब्द फुकट वाटला होता. आज तो खरोखर हवा होता, अगदी ओठांवर आला होता. आणि तिला पक्कं ठाऊक होतं की पोरगं तीनदा म्हणू देणार नाही. पहिल्याच "राहा"ला राहील, बांबू टाकून काठावर येईल, आणि एखाद्या हस्तात याच पत्र्याखाली बापासारखं पलीकडच्या छत्रीकडं बघत पडेल.

"जा," ती म्हणाली. "वारा पडलाय तवर जा."

त्यानं बांबू रोवला. या खेपेला डोंगा सुटला.