शेंदूर नव्हता तो

वोल्देचा बेकेले, बेकेलेचा तादेसे आणि तादेसेची ही सेलाम. आमच्या ओट्यावर उभे राहून तिने आपली ओळख अशी मागून पुढे सांगितली, तेव्हाच मी तिला घरात घेतले. आमच्या सुनांना आजेसासऱ्याचे नाव विचारा, त्या छताकडे पाहतात. इथिओपियाहून आलेली ही सव्वीस वर्षांची मुलगी पणजापर्यंत न अडखळता गेली.

शहाद्याच्या एका संस्थेने तिला दोन वर्षांसाठी बोलावले होते. म्हसावदच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतले पिण्याचे पाणी तपासायचे आणि बायकांना ते समजावून सांगायचे, हे तिचे काम. पगार नाही, जेवणखाणापुरते काय ते मिळे. माझा मुलगा हेमकांत म्हणाला, वरची खोली रिकामी आहे. मी म्हणाले, राहू दे, पण या घरात माझे नियम चालतात.

नियम तिने पाळले. सकाळी सायकलला काचेच्या बाटल्यांची पेटी बांधून ती निघे, ती दिवस कलताना धुळीने माखून परते. पाड्यांवरच्या बायका तिचे केस हाताळून पाहत, ती मान वाकवून पाहू देई. मी शुद्ध मराठी शिकवायचे ठरवले, तर पोरगी गल्लीतली अहिराणीच उचलून आणी. शेजारची रुपा मला चिडवी, "मोठी माय, तुमनी पाव्हनी आमनापेक्षा चांगली बोलस." दर रविवारी सेलाम तव्यावर कॉफीचे दाणे भाजी आणि तीन वेळा पेले भरी. तिसऱ्या पेल्याआधी उठणे म्हणजे यजमानाचा अपमान, असा त्यांचा रिवाज. मी जन्मभर चहा प्यायलेली बाई; पण तिसऱ्या पेल्यापर्यंत बसत असे. परक्या मुलखात एकट्या राहिलेल्या मुलीसाठी एवढे करावे, असे मला वाटे. कधी घरचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोले आणि डोळे धुऊनच खाली येई.

आमच्या दारची विहीर माझ्या यजमानांनी, सुकलालजींनी, बांधली. अर्धी गल्ली तिचे पाणी पीत असे. हेमकांतने एकदा पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणले, ते मी त्याच दिवशी परत पाठवले. या विहिरीच्या पाण्याला यंत्र लागत नाही, असे मी चार माणसांत सांगितले होते.

पौषात सेलाम दहा दिवसांसाठी प्रशिक्षणाला पुण्याला गेली. ती गेली त्या सकाळी विहिरीच्या कठड्यावर मला तळहाताएवढा लालभडक ठिपका दिसला. गल्लीतल्या बायकांनी हात जोडले. आमच्याकडे दगडाला लाल लागले की तो दगड राहत नाही, देव होतो. दुसऱ्या दिवशी तिथे हळदकुंकू आले, तिसऱ्या दिवशी नारळ. ठिपका सेलामने काढला हे रुपाने पाहिले होते, म्हणून मला अधिकच अभिमान वाटला. परमुलखातल्या मुलीला माझ्या विहिरीचे देवपण कळले. ज्यांच्या घरी नळ होता त्याही बायका तीर्थ म्हणून कळशी भरून नेऊ लागल्या.

त्याच आठवड्यात माझी नातसून मयूरी माहेरहून बाळंतपण उरकून आली. बाळ अडीच महिन्यांचे. तिला दूध कमी पडत होते, म्हणून पावडरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून बाटलीने पाजायचे, हे मीच ठरवले. पाणी उकळून घे, एवढे बजावले. चार दिवसांनी मयूरी म्हणाली, बाळाची नखे निळसर दिसतात. मी म्हणाले, थंडी आहे, अंगडे घाल.

सेलाम परतली ती दुपारची. कठड्यावरचा नारळ आणि जळत्या उदबत्त्या पाहून ती सायकल धरून तशीच उभी राहिली. मग आतून बाळाचे रडणे ऐकले आणि धावत आत आली. बाळाच्या ओठांकडे पाहिले, मयूरीच्या हातून बाटली ओढली आणि मोरीत पालथी केली. माझ्या देखत.

मी आवाज चढवला. तिने माझ्याकडे वळून सांगितले, "मोठी माय, हाऊ शेंदूर नई. लाल म्हणजे हाई पानी पेवानं नई."

तासाभरात आम्ही शहाद्याला बालरुग्णालयात होतो. डॉक्टर म्हणाले, पाण्यात नायट्रेट आहे, ते उकळून जात नाही, उलट वाढते. मोठ्यांना चटकन कळत नाही, तान्ह्याचे मात्र अंग निळे पडते. वेळेवर आणलेत. दोन दिवसांनी बाळाचे ओठ पुन्हा गुलाबी झाले, तेव्हा मी बोलायला बसले.

सेलामने विहिरीचे पाणी दिवाळीतच तपासले होते. कागद हेमकांतच्या हाती दिला होता. आमच्या केळीला हेमकांत ठिबकमधून जो युरिया सोडतो, तो वर्षानुवर्षे मुरत माझ्या विहिरीत उतरला होता. हे गल्लीला कळू नये, मला तर मुळीच कळू नये, म्हणून त्याने तिच्याकडून शब्द घेतला होता. बाटलीच्या दुधाचे त्याला ठाऊक नव्हते. पण बायका कठड्यावर नारळ फोडत होत्या, ते तो रोज पाहत होता.

"आई, तुला सोसलं नसतं," तो म्हणाला.

"मला काय सोसतं ते तू ठरवणार? ऊठ माझ्यासमोरून."

मग मी सेलामला विचारले, की दिवाळीपासून तू कोणते पाणी पितेस? ती वर गेली आणि खाटेखालून निळा कॅन घेऊन आली. तीन महिने माझ्या पंगतीत बसून तिने माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि तांब्याला नुसते ओठ लावले. मुलाने लपवले त्याची चीड आली. या कॅनने मात्र मी आतून मोडले. मी तिला एवढेच म्हणाले, की शब्द पाळलास तो चोराचा पाळलास, आणि मीठ माझे खाल्लेस. ती रडली नाही. बोलता येत नव्हते म्हणून रंग लावला, रंग तरी वाचाल असे वाटले, असे ती मान खाली घालून म्हणाली.

पाणी कुठले, म्हणून विचारले. पाड्यावरच्या दगूबाईच्या हापशीचे. पाडा शेतांच्या वर आहे, तिथे खत पोचत नाही. बाळाला आता तेच पाणी लागणार होते.

दगूबाईला मी ओळखत होते. बहात्तरच्या दुष्काळात हेमकांत दोन महिन्यांचा होता आणि आमची विहीर अजून व्हायची होती. दगूबाई माझ्याच वयाची, भिलाटीतली, भिल्लांच्या त्याच पाड्यावरची नवी सून. नदीच्या वाळूत झिरा उकरून ती होळीपासून मृगापर्यंत रोज एक हंडा आमच्या मागल्या दारी ठेवत होती. पाऊस पडल्यावर पंचांसमोर कोणी खोचक विचारले, तेव्हा सुकलालजी म्हणाले, आम्ही पाड्याचे पाणी कधी प्यायलो नाही. दगूबाई समोर होती. मी पदराआड गप्प राहिले. जाताना ती मला म्हणाली होती, की फेडायचे झाले तर भरदिवसा, लोकांसमोर फेड. माझा मुलगा खोटे बोलायला कोणाकडून शिकला, हे मला आता कळले.

मी स्वतः कठड्यावरची हळदकुंकवाची ताटे उचलली आणि उपशाची मोटर बंद करवली. जमलेल्या बायकांना कारण सांगितले, हेमकांतचे खतही सांगितले. मग सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, हंडा कमरेवर घेऊन गल्लीच्या मधून निघाले. हेमकांत दुसरा हंडा घेऊन मागे चालला. सेलामला मी बोलावले नव्हते. ती आली, मी परत पाठवले नाही.

दगूबाई हापशीजवळ बसली होती. पाड्यावरची माणसे गोळा झाली, आमच्या मागून आलेली गल्लीही होती. मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "बहात्तर साली या बाईच्या पाण्यावर माझा मुलगा जगला. आम्ही नाही म्हणालो. ते खोटे होते."

मग मी ओंजळ पुढे केली. तिने हापसा मारला नाही, आपल्या तांब्यातले पाणी ओतले. मी ते सगळ्यांदेखत प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत.

दगूबाईने तांब्या पालथा करून दाखवला. "फिटनं, जसोदाबाई," ती म्हणाली.