डोलोरेसला आधी न सांगितलेलं

माझी बायको मार्लिस गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं. साठी उलटून गेली होती. मार्लिसच्या आजारपणात एक बाई घरी यायची. नर्स, विमा, औषधं सगळं तीच बघायची आणि वर मार्लिसला हसवायची. मला ते काम शिकायचं होतं. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कॉलेजात मानवसेवेची दोन वर्षांची पदवी मिळते. वर्गातली पोरं मला आजोबा म्हणायची.

शेवटच्या सहामाहीत प्रत्यक्ष काम करावं लागतं. मला चर्चच्या तळघरातलं अन्नवाटप मिळालं. लोकांना सामानाचं खोकं भरून द्यायचं आणि टेबलाशी बसवून विचारपूस करायची. आमच्या शिक्षिका रोंडाबाई यांनी दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या होत्या. पहिली, माणूस बोलायच्या आधीच त्याला सांगायचं की, तुम्हाला कुणी इजा करतंय असं कळलं तर ते मला गुप्त ठेवता येणार नाही, काउंटीच्या कचेरीत कळवावं लागेल. दुसरी, प्रश्न विचारला की गप्प बसायचं. समोरचा गप्प असला की माणूस बोलतो.

मार्चमध्ये डोलोरेस आली. ती मार्लिसची मैत्रीण. गावातल्या प्रत्येक दफनानंतरचं जेवण या दोघी रांधायच्या. मार्लिसच्या वेळी डोलोरेसनं एकटीनं रांधलं. माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र लटकत होतं.

"गळ्यात पट्टा कसला रे गॉर्डी? हरवलास तर घरी आणून सोडायला?"

"फक्त नाव आहे त्यावर. पत्ता नाही."

"मग गेलासच तू."

ती हसत टेबलाशी बसली. गुप्त ठेवता येणार नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण डोलोरेसला कसं म्हणायचं असलं काही? साहेबी थाट वाटला असता. मी कॉफी ओतली.

कप घेताना तिची बाही वर सरकली. मनगटावर बोटांचे पिवळेनिळे वळ होते.

"कर्ट कसा आहे?" मी विचारलं. कर्ट तिचा मुलगा. घटस्फोटानंतर आईकडेच राहायचा.

"बरा आहे."

मी गप्प बसलो.

"प्यायला की जरा हात उचलतो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू असा ऐकणारा कधी झालास? मार्लिस म्हणायची, गॉर्डीला काही सांगायचं तर आधी टीव्ही बंद करावा लागतो."

आणि तिनं सगळं सांगितलं. तो फोन काढून घेतो. एकदा रात्रभर गॅरेजमध्ये कोंडलं होतं. जुन्या मित्रापाशी मन मोकळं करतेय असं तिला वाटत होतं. मी मात्र वर्गात शिकलो होतो तसा बसलो होतो.

"डोलोरेस, हे मला काउंटीला कळवावं लागेल."

"मी तुला सांगितलं. काउंटीला नाही."

"मी आधी बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

"आधी बोलला असतास तर बर्फाच्या गप्पा मारून उठले असते मी." ती उभी राहिली. "मार्लिसनं असं केलं असतं?"

ती खोकं न घेताच गेली.

रोंडाबाई म्हणाल्या, "आधी सांगितलं नाहीत, ती चूक. फोन करणं ही चूक नव्हे. आणि तो तुम्हीच करायचा." मी केला.

कर्टला कोर्टानं घराबाहेर काढलं. डोलोरेस चर्चमध्ये माझ्यापासून लांबच्या बाकावर बसू लागली. फोन केला नसता तर तिचं काय झालं असतं, हे मला कळतं. तरी रविवारी तिची पाठ दिसली की मी प्रार्थनेची ओळ चुकतो.

काल ती तळघरात आली आणि माझ्याच रांगेत उभी राहिली.

"हात बरा झाला," ती म्हणाली.

"आणि तू?"

"संध्याकाळी अजून दोघांचा स्वयंपाक करते. मग आठवतं."

"मीही करायचो. वर्षभर."

"तुझी बायको वारली, गॉर्डी. माझा मुलगा जिवंत आहे."

मी खाली बघून तिचं खोकं भरायला घेतलं. बीन्सचे डबे ठेवले, पाव ठेवला. बटाट्यांशी हात थांबला.

"किती घालू?"

"एकीपुरते," ती म्हणाली.