ओळखीची गाठ

"माझ्यावर ओरडू नकोस," बहीण म्हणाली. "आधी बस."

तो बसला नाही. दवाखान्याच्या बाकावर ती उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती. कोपरापासून खाली सगळी पट्टी. अंगठ्याचं टोक तेवढं बाहेर होतं, आणि ते बघवत नव्हतं.

"तुझ्यावर नाही ओरडत. कुणाच्या घरातली बाटली ती, तेवढं सांग. दारात जाऊन उभा राहतो त्याच्या. अशी खरडपट्टी काढतो की..."

"घर शोधायला नको."

"का?"

"गाठ तुझी होती, दादा."

तो महापालिकेची पिवळी गाडी चालवायचा. घरातलं विषारी सामान गोळा करणारी गाडी. उरलेला रंग, फुटक्या ट्यूबलाइट, उंदराचं औषध, संडास धुवायचं ॲसिड, मुदत संपलेल्या गोळ्या, फुगलेल्या बॅटऱ्या. गल्लीतली पोरं त्याला विषमामा म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. बहीण गावाबाहेरच्या डेपोवर कचरा निवडायची. ज्या बाटलीचं तोंड सैल असेल तिला तो चिंधीचं बूच ठोकून वरून घट्ट बांधायचा. आई मोळ्यांना मारायची तशीच गाठ, शेपूट आत खोचलेली. आईनंतर ही गाठ जगात या दोघा भावंडांनाच येत होती.

"ओळखलीस, तरी सोडलीस?"

"ओळखली म्हणूनच सोडली. दुसऱ्या कुणाची असती तर काठीने बाजूला केली असती. तूच सांगायचास ना, माझ्या गाडीतलं तुमच्याकडे येतच नाही, सगळं बंद गाडीतून भट्टीत जाळायला जातं म्हणून? म्हटलं, दादाची बाटली इथे आली म्हणजे धुऊनच आली असणार. कोल्ड्रिंकची बाटली, चांगली जाड. सोडायला गेले आणि ॲसिड सगळं हातावर..."

तिने पट्टीकडे बघितलं. "अंगठा वळेल म्हणतात," ती म्हणाली. "वेणी नाही घालता यायची म्हणे. तशीही केसांची शेपटीच राहिलीय."

ती हसली. त्याला हसू आलं नाही.

तिला घरी पोचवून तो तडक कचेरीत गेला. मागच्या शेडच्या दारात तो रोज गाडी रिकामी करायचा, माल पिंपांत भरणं दुसऱ्यांचं काम होतं. शेडच्या भिंतीला झाकणांची निळी पिंपं होती, एकेका पिंपावर कशासाठी कोणतं ते रंगवलेलं. त्याने झाकणं उचलून पाहिली. सगळी रिकामी, कोरडी ठणठणीत. एका पिंपाच्या तळाशी कोळ्याने जाळं केलं होतं.

साहेब चहा पीत होते.

"साहेब, शेडमधला माल कुठं जातो?"

"जातो कुठं म्हणजे? जिथं जायचा तिथं जातो."

"डेपोवर जातो."

साहेबांनी कप खाली ठेवला. "दार लाव आधी." त्याने दार लावलं नाही. "अरे बाबा, ठेकेदाराची बंद गाडी येतच नाही आता. भट्टीवाल्यांशी त्याचं फाटलंय. माल साचला, वास सुटला. मी काय करू, टेबलावर मांडून ठेवू? आपल्या ट्रॅक्टरने पाठवतो इतर कचऱ्यात."

"मग माझी गाडी बंद का नाही केलीत?"

"बंद कशी करणार? वरून लोक बघायला येतात. गाडी फिरताना दिसली पाहिजे."

"दिसली पाहिजे!"

"ओरडू नकोस. तू ड्रायव्हर आहेस. चालवायचं काम कर."

"चालवायचं काम? दारोदार मी फिरलो. नाल्यात ओतू नका, कचऱ्यात टाकू नका, माझ्याकडे द्या, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. तुम्ही नाही. लोकांनी निवडून, जपून दिलं आणि तुम्ही ते एकत्र करून माझ्या बहिणीच्या पुढ्यात ओतलं. तिचा हात जळला. सुटं सुटं आलं असतं तर बाया सावध तरी राहिल्या असत्या!"

"बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. हातमोजे घालायला पाहिजेत त्या लोकांनी."

त्याने मूठ टेबलावर आपटली. चहा बशीत सांडला. बाहेरचे कारकून उठून उभे राहिले, पण आत कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी बाहेर काढली. कर्णा लावला नाही. तरी लोक आलेच, त्यांना त्याचा वार पाठ होता. कुणाच्या हातात ट्यूबलाइट, कुणाकडे रंगाचा डबा. पुढे शिंपीणकाकू होत्या. नवऱ्याच्या आजारपणातली औषधं त्यांनी इतके दिवस कपाटात ठेवली होती, द्यायला मन होत नव्हतं. आज पिशवी भरून आणली होती.

"घे बाबा. काळजावर धोंडा ठेवून आणलंय."

"नाही घेत, काकू."

"अरे, का?"

"भट्टीची गाडी बंद आहे. आता हे सगळं डेपोवर जातं, साध्या कचऱ्यात. मला माहीत नव्हतं. काल कळलं. घरीच ठेवा, उंचावर, पोरांचा हात पोचणार नाही असं."

रंगाचा डबा घेऊन आलेला सलूनवाला उसळला. "महिनाभर सांभाळतोय मी हे! बायको रोज बोल लावते. नेणार नव्हतास तर गाडी कशाला आणलीस, मिरवायला?"

"हेच सांगायला आणली."

"आम्ही काय विषाची कोठारं उघडायची? मी सरळ कचऱ्यात टाकतो."

"टाका ना," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्याच्या जबड्याकडे बघून मागचे लोक जरा सरकले. "माझी बहीण निवडते तो कचरा. उजवा हात गेला तिचा. डावा आहे अजून."

सलूनवाल्याने डब्याचं झाकण अंगठ्याने पुन्हा दाबून बघितलं.

"मग आम्ही जायचं कुणाकडे?" त्याने विचारलं.

"कचेरीत. साहेबांकडे. हातातलं घेऊनच जा, म्हणजे त्यांना दिसेल. पण ओतू नका कुठं."

शिंपीणकाकूंनी पिशवी छातीशी धरली आणि जिना चढायला लागल्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटू न देता. वर त्यांचं दार लागेपर्यंत तो गाडीशी उभा राहिला.

खिशातला फोन वाजत होता. साहेबांचाच असणार. त्याने तो वाजू दिला आणि गाडी सुरू केली.

पुढच्या गल्लीच्या तोंडाशीही लोक पिशव्या घेऊन उभे होते. त्याला बघून एका बाईने हात वर केला. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.