रोजची चाल

“तो सहा खोडा, बाई. बारा लिहा.”

मेंढपाळाने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. चराईचं नियोजन करणाऱ्या त्या कार्यालयात तो सलग चौथ्या वर्षी आला होता. तिथली गणिततज्ज्ञ त्याची कुरणं, पाणवठे, मेंढ्यांची संख्या भरून घ्यायची. सगळ्यांत जास्त चारा मिळेल अशी वर्षभराची वाट संगणक शोधून द्यायचा. ‘रोजची चाल’ या रकान्यात मात्र तो दरवेळी सहा किलोमीटरच सांगायचा.

“तीन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, मेंढ्या बारा सहज चालतात,” ती हसून म्हणाली. “आता पटलं वाटतं?”

तिची नजर दाराजवळच्या बाकाकडे गेली. दरवर्षी तिथे त्याची आई गुडघे चोळत बसलेली असायची. गेल्या वर्षी गणित सुटता सुटत नव्हतं, तेव्हा म्हातारी चहा फुंकत म्हणाली होती, “तुझं यंत्र माझ्याहून हळू चालतंय गं पोरी.” सगळे हसले होते. मग उत्तर आलं आणि गणिततज्ज्ञ बाईने म्हातारीसमोरच नेहमीच्या नेमकेपणाने सांगितलं होतं, चाल एका किलोमीटरने वाढवली तर आणखी चाळीस मेंढ्यांचा चारा मिळेल.

“आजी नाही आल्या?”

“इथून गेलो आणि पहिल्याच गावात मावशीकडे बसली, ती उठेचना. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. चाळीस मेंढ्या काय थोड्या झाल्या?” त्याने काठीवरची धूळ अंगठ्याने पुसली. “चार भिंतींत कधी राहिली नव्हती. दोनच महिने काढले, मग गेली.”

तिने हात कीबोर्डवरून मांडीवर घेतले. रोजची चाल. रकान्याला नाव तिनेच दिलं होतं. कुणाची, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“लिहा ना, बाई. कळपाला थांबून चालत नाही.”

तिने सहा खोडून बारा लिहिले आणि बटण दाबलं. तो सवयीने बाकाकडे जायला वळला. पण त्याने एक पाऊल टाकलं नाही तोच नकाशावर नवी वाट उमटली, थेट वरच्या पठारापर्यंत.

“झालं,” ती म्हणाली.

तो रिकाम्या बाकापाशी थबकला.

“इतक्यात?”