दुसरी खेप

फुकट मिळतं ते विकत आणायचं नाही, हा कोरीन स्टिडमच्या घरचा पहिला कायदा. शिवणकामाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने, हार्लनने, पूर्व केंटकीच्या डोंगरांत चार एकरांचा एक उतार घेतला. उतार म्हणजे अगदी उतार. रिकामी बादली खाली ठेवली तर गडगडत ओढ्यात जाऊन पडायची. तिथे त्यांनी कुणीतरी फेकून दिलेल्या दारांचं खुराडं उभं केलं, दोन शेळ्या बांधल्या, दगड वेचून वेचून भाजीपुरती जमीन काढली. हार्लन आठवड्यातले चार दिवस ट्रकवर असायचा. बाकीचं कोरीनच्या अंगावर.

ह्यातलं तिला आधी काहीच येत नव्हतं. शिकवलं ते अल्मेडा कॉम्ब्सने. खोऱ्याच्या तोंडाशी एकटी राहणारी ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. सगळं खोरं तिला मावशी म्हणायचं. कोरीनने पहिल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीलाच टोमॅटो लावले आणि ते एका थंडीत काळे पडले, तेव्हा मावशी काठी टेकत वर आली होती.

"एप्रिलमध्ये टोमॅटो? तुमच्या कारखान्याला हिवाळा नव्हता का गं?" असं म्हणून तिने ओच्यात आणलेली रोपं खाली ठेवली होती. "घे. आणि मी सांगेपर्यंत बाहेर काढू नकोस."

त्यानंतर कोरीन मावशीला विचारल्याशिवाय बी टाकत नसे. कोंबडी खुडूक झाली की मावशी, शेळीला पोटफुगी झाली की मावशी. बदल्यात देण्यासारखं कोरीनजवळ होतं काय? दोन हात आणि एक जुना पिकअप.

म्हणून त्या वसंतात मावशी म्हणाली, "माझ्या वाफ्याला दोन वर्षांत खत नाही पडलेलं," तेव्हा कोरीनला आनंदच झाला. बारा मैलांवर गोस नावाच्या माणसाचा घोड्यांचा तबेला होता. लीद हवी तेवढी न्या, असं तो म्हणायचा. त्याला जागा मोकळी हवी होती. कोरीन पहिली खेप मागच्या बाजूच्या जुन्या ढिगातून घेऊन आली. काळंभोर, मऊ, पावसाळी मातीचा वास येणारं खत. ते तिने आपल्या वाफ्यांत घातलं, कारण हार्लन घरी होता आणि उतरवायला दोन हात जास्त होते. मावशीसाठी दुसरी खेप.

दुसऱ्या खेपेला जुना ढीग संपत आला होता. तिने पुढच्या ढिगातून भरलं. पिकअप भरून झाला, ती ताडपत्री बांधत होती, तेवढ्यात गोस तबेल्यातून हात पुसत आला.

"ही कुठे टाकणार?"

"भाजीत."

"ह्यातली नका टाकू. यंदा मी गवत बाहेरून घेतलं. त्या कुरणावर तणनाशक मारलेलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणतात की ते घोड्याच्या पोटातून जाऊनसुद्धा जिवंत राहतं. कुरणात टाका, मक्यात टाका. टोमॅटो-घेवड्याच्या वाऱ्यालासुद्धा नको."

"बरं," कोरीन म्हणाली.

पिकअप भरलेला होता. भरायला दीड तास गेला होता, पाठ मोडून आली होती. रस्त्याने येताना तिने दोनदा ठरवलं की हे आपल्या वरच्या गवतात ओतू आणि मावशीला खरं सांगू. लोक काय, काहीही बोलतात, असंही तिने स्वतःला सांगितलं. वळण आलं तर फाटकाशी मावशी हातमोजे घालून उभी. जणू सकाळपासून वाटच पाहत होती.

"आली गं माझी राणी! मागे घे, मागे घे. पडवीपर्यंत."

वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक केलेला होता, कॉफी शेगडीवर होती. कोरीनने ठरवलं, खाताना सांगू. मग खाणं झालं. तोवर मावशीने थोडी लीद खाली ओढून दंताळ्याने पहिल्या वाफ्यात पसरूनही टाकली होती. कोरीनने फावडं उचललं आणि उरलेली लीद स्वतःच्या हाताने खाली ओढली.

जूनच्या मध्यावर मावशीच्या टोमॅटोचे शेंडे गुंडाळायला लागले. आधी कोवळी पानं नेच्यासारखी आवळली, मग देठ पिळवटले. वेलावर चढायचा घेवडा काठीपाशी येऊन थांबला. त्याची पानं चमच्यासारखी पोकळ झाली. बटाट्यांचंही तेच. मका मात्र ताठ उभा, हिरवागार.

कोरीनने ते फाटकातून पाहिलं आणि तिला कळलं. क्षणात कळलं.

"पाणी कमी पडलं का गं?" मावशीने विचारलं.

"असेल," कोरीन म्हणाली. तोंडातून आलेला पहिला शब्द. त्याच्या पाठोपाठ मग दुसरे येत गेले. पाऊस लहरी आहे. यंदा मावा फार आहे. प्रत्येक शब्दाबरोबर खरं सांगणं अवघड होत गेलं. आज नाही सांगितलं म्हणून उद्या जास्त लाज, उद्या नाही म्हणून परवा आणखी.

हार्लनने एका रविवारी चर्चमधून येताना मावशीचा वाफा पाहिला आणि तो थांबलाच. "हा रोग नव्हे. हे औषधाचं आहे. कुठून आलं हे?"

"हवेतून उडून आलं असेल," कोरीन म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. ते न विचारणंही तिला टोचलं.

तिच्या स्वतःच्या वाफ्यात त्या वर्षी काय पीक आलं! टोमॅटोच्या फांद्या मोडायला आल्या. ती पाटी भरभरून मावशीकडे नेऊ लागली. मावशी दोन्ही हातांनी घ्यायची आणि म्हणायची, "देव तुझं भलं करो गं पोरी." कोरीन घाईघाईने निघून यायची आणि वाटेत ओढ्याशी थांबून तोंड धुवायची. कोणी बघत नसताना.

मावशीने बागेबद्दल कुरकुर केली असती तर बरं झालं असतं. ती करत नव्हती. ती दोष स्वतःवर घेत होती.

"मका आला, घेवडा नाही आला," ती एकदा शेंगा नसलेल्या वेलाकडे बघत म्हणाली. "म्हणजे माती चांगलीच आहे. मीच काहीतरी चुकले. साठ वर्षं हेच करत आले आणि कुठे चुकले ते आठवत नाही. हेच वाईट आहे बघ. आठवत नाही."

मग काही दिवसांनी: "कोरीन, खरं सांग. मी एकच गोष्ट दोनदा सांगते का?"

"नाही हो मावशी."

"परवा मिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला मी."

"मी तर हार्लनचे मोजे ठेवले होते," कोरीन म्हणाली. मावशी हसली नाही.

मावशीची मुलगी ग्लेना लेक्सिंग्टनला राहायची. जुलैच्या शेवटी ती आली, बाग पाहिली आणि पायरीवर बसून राहिली. आईने कधी एक वाफाही वाया घालवलेला तिला आठवत नव्हता. ती कोरीनला बाजूला घेऊन म्हणाली, "तू रोज बघतेस. आई आता एकटी राहू शकेल का गं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ग्लेनाचे डोळे भरले होते, कोरीनच्या हातात वाफ्यातून नुकताच उपटलेला भोपळ्याचा वेल होता. "मला वाटतं, ठीक आहेत त्या," एवढंच ती म्हणाली, आणि तेही अशा आवाजात की ग्लेनाला उलटंच वाटावं.

ग्लेनाने डॉक्टरांची वेळ घेतली. स्मरणशक्तीची तपासणी. तिला रजा मिळेना, म्हणून तिने कोरीनला फोन केला: तू नेशील का आईला? तुझ्यावर तिचा फार विश्वास आहे.

बुधवारी सकाळी मावशी चर्चचा निळा झगा घालून पिकअपमध्ये बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. चार मैल गेले. मग हळू आवाजात सुरू झालं.

"आज बुधवार. ऑगस्टची बारा तारीख. ते तारीख विचारतात, चर्चमधल्या वर्नाने सांगितलंय. मग तीन शब्द देतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. तू दे बघू मला तीन शब्द."

कोरीनने गिअर बदलला.

"दे ना गं. काहीही. खुर्ची, सफरचंद असं काहीतरी."

"मावशी..."

"शंभरातून सात सात वजा करायला लावतात म्हणे. त्र्याण्णव. शहाऐंशी." मावशीचे ओठ हलत होते, बोटं पर्सवर मोजत होती. "एकोणऐंशी. त्यापुढे मी काल रात्री अडकले. बहात्तर. बरोबर ना? कोरीन, बहात्तर ना?"

कोरीनने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतला. कोळशाच्या जुन्या वजनकाट्यापाशी थोडी जागा होती तिथे. इंजिन बंद केलं.

"तुम्ही काही चुकला नाहीत. ती लीद विषारी होती. गोसने मला सांगितलं होतं. भाजीत टाकू नका म्हणाला होता. मी ऐकलं आणि तरी तुमच्याकडे आणली. जूनपासून मला माहीत आहे."

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या काचेतून बघत होती. एक ट्रक गेला, पिकअप हलला.

"तुझ्या वाफ्यात पण तीच होती?"

"नाही. माझ्यात जुनी. चांगली."

"हं."

कोरीन रडू लागली, आणि आपण रडतोय ह्याचीच तिला लाज वाटली. रडायचा हक्क तिचा नव्हताच.

"गाडी चालव," मावशी म्हणाली. "दहाची वेळ आहे."

"आता कशाला जायचं मावशी? आता तर..."

"वेळ घेतली आहे. चालव."

दवाखान्यात मावशी एकटीच आत गेली. पाऊण तासाने बाहेर आली, डॉक्टरीणबाई तिच्यामागे हसत हसत. तिन्ही शब्द आठवले होते. वजाबाकी दोनपर्यंत, न थांबता. ह्या वयाला हे फार छान आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशीने मान हलवली आणि पिकअपचं दार स्वतः उघडलं.

परतताना ती अर्ध्या वाटेवर बोलली.

"बाग गेली त्याचं मी काही म्हणत नाही. गारपिटीने दोनदा नेली आहे, एकदा हरणांनी. मी रडले नाही." ती थांबली. "पण दोन महिने तू मला माझ्याच डोक्याला घाबरायला लावलंस. सकाळी उठून मी आधी नवऱ्याचं नाव आठवून बघायचे. आठवतंय ना, म्हणून. आणि तू टोमॅटो घेऊन यायचीस."

कोरीन रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.

"मला सॉरी नको म्हणूस. ग्लेनाला फोन करायचा. आत्ता, माझ्या स्वयंपाकघरातून, माझ्यासमोर. सगळं सांगायचं. गोससकट."

कोरीनने केला. भिंतीवरचा फोन, वायर ताणलेली; मावशी टेबलाशी बसलेली, हाताची घडी घालून. ग्लेनाला जे बोलायचं ते ती बोलली. कोरीनने सगळं ऐकून घेतलं, कानापासून फोन दूर न करता. शेवटी ग्लेना म्हणाली, "आईला दे." मावशीने फोन घेतला आणि कोरीनला हाताने दार दाखवलं.

त्या दिवशी संध्याकाळी तिने हार्लनला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. मी विचारायला हवं होतं." आणि जेवणाआधीच उठून बाहेर लाकडं फोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी कोरीनच्या पायरीवर तिच्याच पाट्या होत्या, धुतलेल्या, एकात एक घातलेल्या. त्यानंतर तिने ठेवलेली एकही वस्तू मावशीने घेतली नाही. चर्चमध्ये ती मान हलवायची, तेवढंच. खोऱ्यात तिने कुणाला सांगितलं नाही. कोरीनला उलट वाटायचं, मावशीने सांगावं, चारचौघांत आपण दोन शिव्या तरी खाव्यात. हार्लन आणि कोरीन ऑक्टोबरभर जाऊन वाफ्यांतली वरची माती काढत राहिले, पाटीपाटीने, आणि वरच्या कुरणात नेऊन टाकत राहिले. मावशी खिडकीत दिसायची. कधी बाहेर आली नाही. कधी थांबवलंही नाही. गोस म्हणाला होता की एवढं करूनही एक-दोन वर्षं भरवसा नाही.

थंडीत ग्लेना मावशीला लेक्सिंग्टनला घेऊन गेली. फक्त हिवाळ्यापुरती, असं मावशीने सगळ्यांना दोनदा बजावून सांगितलं. घराच्या चुलीतून चार महिने धूर निघाला नाही. कोरीन रोज खाली जाऊन नळ गोठला नाही ना ते बघायची. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला.

"मी आलेय घरी," मावशी म्हणाली. ना राणी, ना पोरी. "घराच्या मागे, सरपणाच्या पलीकडे, कधी खणलेलं नाही अशी जागा आहे. कुदळ घेऊन ये. आणि तुझ्या शेळ्यांचं खत आण. तुझ्या. दुसऱ्या कुणाचं नको."

कोरीन पोचली तेव्हा मावशीने खुर्ची बाहेर आणून ठेवली होती आणि गुडघ्यांवर गोधडी घेतली होती. जमीन दगडाची, मुळांनी भरलेली. दुपारपर्यंत जेमतेम हातभर रुंदीचा चर निघाला. कोरीनच्या तळव्याला फोड आले. मावशी बघत होती. कोरीनने कुदळ टेकवून पाठ सरळ केली.

"थांबायचं का आता?" तिने विचारलं.

मावशी काठीने चराच्या तळाकडे दाखवत म्हणाली, "अजून खोल घे. बटाटे लावायचेत."

कोरीनने हातांना चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कुदळ उचलली.