जोसीचा कागद

ऑगस्ट लागला की ओहायोतल्या त्या गावच्या शाळेत बालवर्गाच्या नावनोंदणीसाठी रीघ लागे. जन्मदाखला, लसींचं कार्ड, भाडेकरार, वीजबिल! एखादा कागद कमी पडला की खिडकीतून शाळेची कारकून वांडा स्टाइल्सचा आवाज येई, "चालणार नाही. पुन्हा या."

त्या सकाळी खिडकीपुढे जेराल्डिन होक उभी राहिली आणि वांडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बावीस वर्षांपूर्वी नवरा सोडून गेला, तेव्हा वांडा शेजारच्या गावात एका खोलीत राहत होती. मुलाला, ट्रेव्हरला, चांगली शाळा मिळावी म्हणून तिनं या गावातल्या बहिणीचा पत्ता देऊन त्याचं नाव इथं घातलं. बहिणीच्या शेजारणीनं, याच जेराल्डिननं, हा मुलगा या गावात राहत नाही, असा शाळेला फोन केला. वर्गात भोपळे रंगवणं चाललेलं असताना ट्रेव्हरला दप्तरासकट बाहेर काढलं.

जेराल्डिननं तिला ओळखलंच नाही. "ही माझी नात, जोसी. लेकीचं घर गेलं हो. मायलेकी माझ्या तळघरात राहताहेत. भाडेकरार कुठून आणू?"

घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाला कागदांशिवाय लगेच वर्गात बसवायचं, असा कायदा आहे. त्यासाठीचा अर्ज वांडाच्या हाताशीच होता. तिनं मात्र गोड हसून सांगितलं, "मग नोटरीचं पत्र लागेल, बाई."

जेराल्डिननं पत्र आणलं. वांडानं लेकीच्या नावाचं वीजबिल मागितलं. तळघराला कुठलं आलंय वेगळं बिल! म्हातारी जिना उतरताना कठड्याला धरून थांबली, ते वांडानं काचेतून पोटभर पाहिलं. घरी जाताना ती गाडीत चक्क गाणं गुणगुणत होती.

तिसऱ्या खेपेला शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. वांडा म्हणाली, "पत्रावरची तारीख जुनी झाली."

जेराल्डिन पत्राची पुन्हा घडी घालू लागली. तेवढ्यात जोसीनं टाचा उंचावून एक घडी घातलेला कागद खिडकीतून आत सरकवला. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"हा माझा कागद. हा चालेल?"

"चालणार नाही," वांडा सवयीनं बोलून गेली.

आजी-नात निघून गेल्या. लसींची कार्डं तपासत बसलेली नर्स कोरीन उठली आणि तिनं खोलीचं दार लावलं.

"अगं, तो अर्ज तुझ्या कोपराखाली आहे, वांडा."

"ती कोण आहे ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे. ट्रेव्हरच्या हातांचा रंग मीच पुसला होता त्या दिवशी. पण जेराल्डिनचं तू काय वाकडं केलंस? तिला थोडंच बालवर्गात बसायचंय? आठवडा बुडाला तो त्या पोरीचा!"

"तिनं माझ्या लेकराला रडवलं, कोरीन!"

"रडवलं ना? मग जा तिच्या दारात, कडाकडा भांड. मी येते सोबत. पण या खुर्चीत बसून नको. ही खुर्ची गावाची आहे, तुझी नाही!"

वांडासमोर जोसीचा तो कागद होता. शेवटचं अक्षर उलटं पडलं होतं, ते खोडून पुन्हा काढलं होतं. अरे देवा! पाच वर्षांच्या पोरीशी आपण वैर मांडलं!

अर्ज घेऊन ती धावत बाहेर गेली. जेराल्डिन गाडीचं दार उघडत होती.

"सही करा. जोसी आत्ता वर्गात बसेल. पहिल्याच दिवशी बसायला हवी होती. मी मुद्दाम अडवलं. मी ट्रेव्हरची आई."

जेराल्डिनचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी फक्त नियमाला धरून फोन केला होता."

"मीही महिनाभर नियमच दाखवत होते," वांडा म्हणाली.

सही झाली. जोसी मागं वळूनही न पाहता वर्गात पळाली.

जेराल्डिननं वांडाची तक्रार केली, आणि ते योग्यच होतं. वांडानं लेखी ताकीद निमूटपणे घेतली. दोघी आजही दुकानात एकमेकींकडे पाहत नाहीत. पण त्या खिडकीवर आता ठळक अक्षरांत लिहिलंय: "कागद नसले तरी परत जाऊ नका. आधी विचारा."

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हाती अशी एखादी खिडकी असते, कुणाची शाळेची, कुणाची दवाखान्याची. आपला राग खरा असेल, जखमही खरी असेल. तरी त्या खिडकीतून सूड उगवायला जाल, तर तो ज्याच्यावर उगवायचा त्याला लागतच नाही. लागतो तो त्याचं बोट धरून आलेल्या लेकराला!