मुठीतलं जू

चैत्राची संध्याकाळ. डोंगरकडेला पळसाच्या विझत आलेल्या ज्वाळा, आणि त्यांच्यावर सूर्य, तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखा, टम्म, तांबूस, एका कडेला किंचित करपलेला. बालाघाटाच्या उघड्याबोडक्या पाठीवरून धूळ उतरत होती. उतरता उतरता केशरी होत होती, केशराची सोनेरी होत होती, आणि अंगणात येऊन गाडीवर अलगद बसत होती.

गाडी! दसरा झाला नि ऊसतोडीला गेलेली ती बैलगाडी आज परतली होती. बाप बैलांना पाण्यावर घेऊन गेलेला. रिकामं जू दगडावर टेकवून, तोंड रस्त्याकडे करून ती उभी होती, जणू आत्ता हाक आली तर आत्ता निघेल.

आणि उंबऱ्यावर आई बसली होती. स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर, पाहुणीसारखी, पदर सावरून, अर्धी आत, अर्धी बाहेर. उन्हानं रापलेली, वाऱ्यानं वाळलेली, उसाच्या पात्यांनी तळहातांवर बारीक रेघा ओढलेली आई.

तिच्यापासून चार हातांवर, घरात, थोरली कावेरी, आणि कावेरीच्या पाठीमागे तुळसा. सगळ्यांत धाकटी. बोबडी, बटबटीत डोळ्यांची, आक्काच्या फ्रॉकचा मागचा घोळ इवल्या मुठीत गच्च धरून उभी. आई एक बोट पुढं सरकली की ती दोन बोटं मागं सरके.

"ए येडे, आईय ती आपली!" सोपान ओरडला. तो मधला. त्याच्या गालात आईनं आणलेला गूळ होता. "ये की! न्हाईतर तुझा गूळबी मीच खानार बघ."

तुळसा हलली नाही.

"नगं रे रागवू तिला," आई म्हणाली. आवाज कोरडा, विहिरीच्या तळाशी घागर घासल्यासारखा. "इसरलं लेकरू. इसरनारच की."

कावेरीच्या छातीत एकाच वेळी दोन पाखरं फडफडली. एक काळं, एक गोरं. कारण पाठीवरची ती मूठ तिला गोड लागत होती, हे खरंच होतं. एवढा हिवाळा तिनंच तुळसाला भरवलं, न्हाऊ घातलं, थोपटलं. पण उंबऱ्यावरची आईची ती रिकामी ओंजळ! दिवेलागण होण्याआधी ती भरली पाहिजे. आजच भरली पाहिजे. उंबऱ्यावर बसलेली आई उंबऱ्यावरच राहिली तर?

"थांब आई," ती म्हणाली. "माझ्याकडं युक्ती हाय."

ज्वारीची चिपाडं कोपऱ्यात उभी होती, वाळलेली, फिकट, निस्तेज. कावेरीनं एक उचललं, दातांनी साल सोलली. साल सोलताना सुर्रर्र आवाज झाला, आणि आत गाभा निघाला पांढराशुभ्र, कापसाहून हलका, चांदण्याचा तुकडा असावा तसा. सोपाननं गाभ्याचे तुकडे केले. कावेरीनं सालीच्या काड्या टोचून ते सांधले. ही बसायची साटी. ही चाकं. हे दोन बैल, शिंगांना बाभळीचे काटे. आणि सालीची लांब, लवचिक, धारदार पट्टी बैलांच्या मानेवर आडवी बसवली. हे जू!

पाठीवरची मूठ सुटली. तुळसा पुढं आली. पाऊल, पाऊल, आणखी एक पाऊल. आईनं श्वास रोखला. भिंतीवरच्या पालीनंसुद्धा रोखला असेल.

"बघ तुळसे," कावेरी हरखून म्हणाली, "ही आईची गाडी! हिच्यात बसून आई गेली ना..."

इथं चुकलंच! शब्द ओठांतून निसटला, आणि निसटलेला शब्द कोण पकडणार?

तुळसाचे डोळे खेळण्यावरून दाराकडे गेले, दारातून अंगणाकडे, अंगणातल्या त्या प्रचंड, रस्त्याकडे तोंड केलेल्या गाडीकडे. मग तिनं झडप घातली. बैलांच्या मानेवरचं जू उपटलं आणि मुठीत आवळलं.

"तुळसे, सोड! दे इकडं!" कावेरीनं मनगट धरलं.

"वढू नगं!" आई किंचाळली. "साल हाय ती. बोटं कापंल!"

सगळं थिजलं. सालीची धार पात्यासारखी, मूठ कळीसारखी. ओढावं तर कापेल, सोडावं तर अजून आवळेल. आणि बघता बघता दोन बोटांच्या फटीतून एक थेंब आला. लाल, गोल, पळसाच्या पाकळीएवढा धीट.

"दुखतंय ना गं? सोड ना," कावेरी रडकुंडीला आली.

"न्हाई."

"का पन?"

ओठ बाहेर काढून, डोळ्यांत तळं साठवून तुळसा म्हणाली, "मग गाडी जाती. आईला नेती."

विसरली नव्हती! काहीच विसरली नव्हती ती पोर.

आई उठली. अंगणात गेली. गाडीच्या दांड्यांना जू बांधलेला दोर महिनोन्‌महिन्यांच्या दवाधुळीनं दगड झाला होता. तिनं नखं लावली, दात लावले. मावळत्या उजेडात ती त्या गाठीशी झुंजत राहिली; गाठ सुटेना, सुटेना, सुटेना, आणि सुटली. धाडदिशी दांड्या भुईवर आल्या. ते काळं, घामट, बैलांच्या मानांनी गुळगुळीत झालेलं जू खांद्यावर घेऊन आई उंबरा ओलांडून आत आली. पाहुणीसारखी नाही, घरधनिणीसारखी आली. तिनं ते तुळसाच्या पायांपुढं ठेवलं.

"घे बाय. हे बी तूच ठिव."

"गाडी जाती?"

आई खोटं बोलली नाही. "आता न्हाई. पावसाळाभर न्हाई. दसऱ्यापतुर मी हितंच."

तुळसानं मोठ्या जुवाकडे पाहिलं. मग एकेक बोट उमललं. करंगळी, मग शेजारची, मग सगळी. सालीचं इवलं, रक्ताळलेलं जू तिनं मोठ्या जुवाच्या कुशीत ठेवलं, वासरू गाईपाशी ठेवावं तसं. आणि रेघ उठलेला तळहात पुढं केला. रेघा रेघा असलेल्या तळहातानं तो अलगद झेलला.

दिवेलागण झाली. बैल घुंगरं वाजवीत, ओल्या तोंडांनी, अंगणात आले. आईच्या मांडीवर तुळसा निजली होती. कावेरीनं हात पाठीमागे नेला. फ्रॉकच्या घोळावर चुण्या होत्या, एका इवल्या मुठीएवढ्या चुण्या. तिनं त्या सारख्या केल्या नाहीत. बाहेर दांड्या भुईवर टेकून गाडी निजली होती. धूळ तिच्यावर उतरत होती, सोन्याची राखी होत होती, राखेची सावली होत होती, निवांत, निवांत.